दिसते तेच दुखते काय?

अस्थिरोगतज्ज्ञाच्या प्रतीक्षागृहात घटकाभर बसून पाहिले, तर एक गोष्ट सहज नजरेत भरते. जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या मांडीवर एक मोठे पाकीट असते. त्यात काळ्या फिल्म आणि दोन-तीन पानांचा छापील अहवाल असतो. आत बोलावणे आले की रुग्ण आधी ते पाकीट पुढे करतो आणि मग खुर्चीवर बसतो. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरतात, अहवालाच्या शेवटच्या चार ओळींवरून नजर फिरवतात आणि सांगतात, 'चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे, नस दबली आहे.' कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या कंबरेला या साऱ्या व्यवहारात कोणाचा हात लागतोच असे नाही. सदरा वर करा, पुढे वाका, उताणे झोपा, कोठे दुखते ते एका बोटाने दाखवा, ही वाक्ये पूर्वी ज्या खोलीत दिवसातून पन्नास वेळा उच्चारली जात, तेथे आता फिल्मचा खडखडाट अधिक ऐकू येतो.

सगळेच डॉक्टर असे करतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय रुग्णाची स्वतःचीही इच्छा पुष्कळदा हीच असते. हाताने चाचपून पाहणे म्हणजे अंदाज आणि यंत्राने काढलेले चित्र म्हणजे सत्य, अशी समजूत सुशिक्षितांच्या मनात घट्ट रुजलेली आहे. ज्या डॉक्टरने एमआरआय सांगितला नाही, त्याने नीट तपासलेच नाही, असा शेराही घरी आल्यावर ऐकू येतो. ही समजूत कितपत खरी आहे, याचा शोध गेली पस्तीस-चाळीस वर्षे वैद्यकशास्त्राने चिकाटीने घेतला आहे. त्यातून जे निष्पन्न झाले ते यंत्राच्या भक्तांना अडचणीचे आहे, आणि खरे सांगायचे तर केवळ हाताच्या भक्तांनाही पुरते सोयीचे नाही.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. २०२० साली जगात सुमारे बासष्ट कोटी माणसांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. माणसाचे आयुष्य अपंगतेत घालवण्याच्या कारणांत या दुखण्याचा क्रमांक पहिला लागतो. फळ्यापुढे सहा-सहा तास उभा राहणारा शिक्षक, खातेवहीवर किंवा संगणकापुढे वाकलेला कारकून, परीक्षेच्या दिवसांत जमिनीवर बसून पाठांतर करणारा विद्यार्थी, यांपैकी कोणाच्या कंबरेत कधी उसण भरलीच नाही असे सहसा होत नाही. ही उसण बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरते. प्राथमिक उपचारासाठी येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांत तर 'दुखण्याचे मूळ हे येथे' असे एका अवयवावर बोट ठेवून सांगताच येत नाही. नेमक्या याच रुग्णाच्या हाती जेव्हा छापील अहवाल पडतो, तेव्हा त्यातल्या भारदस्त शब्दांनी त्या निनावी दुखण्याचे बारसे होते.

निरोगी माणसांची चित्रे

१९९० साली अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक स्कॉट बोडेन आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना कंबरदुखीचा किंवा पायात उतरणाऱ्या कळेचा कधीच त्रास झाला नव्हता, अशा ६७ माणसांच्या कंबरेची एमआरआय चित्रे त्यांनी काढली आणि चित्र कोणाचे आहे याचा सुगावा लागू न देता ती तीन तज्ज्ञांकडून वाचून घेतली. साठीच्या आतील माणसांपैकी वीस टक्क्यांच्या मणक्यातील गादी बाहेर सरकलेली निघाली. साठी ओलांडलेल्यांपैकी ५७ टक्के चित्रे सदोष ठरली. ही सारी माणसे धडधाकट होती. त्यांना कसलाही उपचार नको होता.

चार वर्षांनी, १९९४ साली, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मॉरीन जेन्सन आणि सहकाऱ्यांचा अशाच धर्तीचा अभ्यास आला. कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांच्या चित्रांत त्यांनी काही खऱ्या रुग्णांची चित्रे मिसळून दिली होती. ज्यांच्या साऱ्या गाद्या निर्दोष होत्या अशी माणसे अवघी ३६ टक्के निघाली. ५२ टक्के लोकांत निदान एक तरी गादी फुगलेली होती आणि २७ टक्के लोकांत ती बाहेर डोकावत होती. पुढे २०१५ साली अशा ३३ अभ्यासांचे, एकूण ३,११० निरोगी माणसांचे, एकत्र परिशीलन झाले. विशीतल्या निरोगी तरुणांपैकी ३७ टक्क्यांत गादीची झीज दिसते आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर जाते, असे त्यावरून दिसून आले.

मराठीत चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणण्याची पद्धत आहे. ठरावीक वयाला डोळ्यांना जे होते त्याला कोणी रोग म्हणत नाही. चष्मा लावला की काम भागते. कंबरेच्या मणक्यांनाही त्यांची चाळिशी लागते, आणि ती पुष्कळदा डोळ्यांच्या कितीतरी आधी लागते. ती दाखवणारे चित्र खोटे नसते. गादी झिजली आहे, फुगली आहे, हे चित्रात दिसते तसेच असते. परंतु आज जी कळ उठते आहे ती त्या गादीमुळेच उठते आहे, हे चित्र सांगत नाही. ते सांगण्याची त्याची कुवतच नाही. वेदना फिल्मवर उमटत नाही.

चित्रे तरी सर्वांना सारखी दिसतात काय? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगाने या बाबतीत मोठीच खळबळ उडवली. कंबरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेने त्रस्त अशा ६३ वर्षांच्या एका स्त्रीची तीन आठवड्यांच्या अवधीत दहा निरनिराळ्या केंद्रांत एमआरआय तपासणी करण्यात आली. शरीर एकच, दुखणे एकच. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदवले गेले. त्यांतला एकही दोष दहाही अहवालांत आढळला नाही. दहापैकी नऊ अहवालांचे एकमत झाले असा दोष एकच निघाला. सुमारे एक-तृतीयांश दोष तर असे होते, की ते फक्त एकाच केंद्राला दिसले. म्हणजे बाईंनी कोणत्या केंद्राची पायरी चढायची, यावर त्यांचे निदान अवलंबून राहिले असते. यंत्र फिल्म काढते, पण ती वाचतो माणूसच. आणि त्या माणसासमोर रुग्ण नसतो. 'कंबरदुखी' एवढा एक शब्द लिहिलेली चिठ्ठी काय ती त्याच्या हाती असते.

सरळ उचललेला पाय

याच्या उलट, ज्या तपासणीला टेबल आणि दोन हात यांपलीकडे काहीच लागत नाही, तिचा इतिहास पाहण्यासारखा आहे. रुग्णाला उताणे झोपवायचे, गुडघा न वाकवता त्याचा दुखरा पाय टाचेला धरून हळूहळू वर उचलायचा. मांडीच्या मागून पायाकडे जाणारी जाड नस त्यामुळे ताणली जाते. ती मुळाशी दबलेली किंवा सुजलेली असेल, तर साधारण तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान गुडघ्याखालीपर्यंत झणझणीत कळ जाते. नुसते मांडीचे स्नायू ओढले गेल्याने जो ताण बसतो तो निराळा. तो रुग्णाला ओळखता येतो, आणि विचारणाऱ्याला विचारता येतो.

ही परीक्षा जगभर फ्रेंच वैद्य शार्ल लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. लासेग यांच्या फोर्स्ट नावाच्या शिष्याने १८८१ साली आपल्या प्रबंधात तिचे वर्णन केले. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी बेलग्रेड येथील डॉक्टर लाझा लाझारेविच यांनी तीच परीक्षा सर्बियन भाषेत वर्णन करून ठेवली होती. छोट्या भाषेत लिहिलेले शास्त्र युरोपच्या कानी उशिरा पडते. तोवर नाव दुसऱ्याचे झालेले असते. मराठी वाचकाला या घटनेचे विशेष नवल वाटू नये. लाझारेविच हे सर्बियन भाषेतील नामवंत कथालेखकही होते. दुसऱ्याची हकीकत लक्षपूर्वक ऐकण्याची सवय दोन्ही व्यवसायांत उपयोगी पडत असावी.

त्या काळी क्ष-किरणांचाही शोध लागलेला नव्हता. राँटगेन यांना ते किरण दिसले १८९५ च्या नोव्हेंबरात, वुर्झबर्ग येथे. त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र काढले आणि माणसाला आपली हाडे जिवंतपणी पाहता येऊ लागली. पण क्ष-किरणांत दिसतात ती हाडे. नस आणि गादी दिसत नाही. सरकलेल्या गादीमुळे नस दबते आणि ती शस्त्रक्रियेने मोकळी करता येते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यवैद्यांनी १९३४ साली जगापुढे ठामपणे मांडले. त्यानंतर गादीवर जे खापर फुटू लागले ते आजतागायत. सत्तरीच्या दशकात सीटी स्कॅन आणि नंतरच्या दशकात एमआरआय आल्यावर ती गादी डोळ्यांना दिसूही लागली. जे दिसू लागले तेच दोषी ठरले. हा मनुष्यस्वभाव आहे.

तर मग हाताची परीक्षा अचूक असते काय? येथे थोडे सावध राहिले पाहिजे. २०१० साली 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने शस्त्रक्रियेच्या वाटेवर असलेल्या रुग्णांवरील अभ्यासांचे जे परीक्षण केले, त्यानुसार गादी खरोखर सरकलेल्या शंभरांपैकी सुमारे ९२ जणांत सरळ पाय उचलण्याची परीक्षा होकार देते. हे उत्तम झाले. पण ज्यांची गादी सरकलेली नाही अशा शंभरांतही ती फक्त २८ जणांनाच नकार देते. उरलेल्यांना उगाच संशयित ठरवते. याउलट न दुखणारा पाय उचलला आणि दुखऱ्या पायात कळ आली, तर त्या खुणेवर पुष्कळच विश्वास टाकता येतो. मात्र ती खूण सापडते थोड्यांतच. खांद्याच्या तपासण्यांची गोष्ट आणखी निराशाजनक आहे. त्यांची नावे डझनांनी आहेत. परंतु एकटीच्या बळावर निदान पक्के करील अशी त्यांत क्वचितच एखादी.

म्हणून जाणता वैद्य एका खुणेवर विसंबत नाही. तो आधी हकीकत ऐकतो: कळ गुडघ्याच्या खाली जाते की नाही, खोकल्याने वाढते काय, बसल्याने वाढते की चालल्याने. मग पायाचा अंगठा जोराने वर उचलायला सांगतो, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतो, घोट्यामागे हातोडी मारून पाय उडतो की नाही ते पाहतो, कापसाने स्पर्श करून बधिरता कोठून कोठवर आहे ते आखून घेतो. डाव्या पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद गेली असेल, तर बहुधा डाव्या बाजूची पाचवी कटिनस दुखावली आहे, असे त्याचे अनुमान होते. आता जर चित्रात त्याच ठिकाणी, त्याच बाजूला गादी सरकलेली दिसली, तर दोन्ही पुरावे जुळले. पण चित्रातली गादी तिसऱ्या मणक्याखाली आणि उजवीकडे फुगलेली असेल, तर ती कितीही ठळक दिसो, त्या दुखण्याशी तिचा संबंध लावता येत नाही. शाळेत गणिताचे शिक्षक आधी उदाहरण सोडवायला लावतात आणि मग ताळा पाहायला सांगतात. हल्ली कंबरेच्या बाबतीत उदाहरण न सोडवताच ताळा पाहिला जातो, आणि तो कशाशी जुळतो आहे हे कोणी विचारत नाही.

बोटाने ठरलेले चित्र

हात आणि यंत्र यांचे नाते कसे असावे, याचे फार चांगले उदाहरण कॅनडातील ओटावा शहराने घालून दिले. पाय मुरगळून येणाऱ्या प्रत्येकाचा एक्स-रे काढण्याची पद्धत सर्वत्र होती, आणि त्यांतील बहुतेकांचे हाड शाबूत निघे. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली काही सोपे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरांत, बोट दाबल्यावर दुखते काय? दुखापत झाल्याबरोबर आणि दवाखान्यात आल्यावर चार पावले टाकता येत होती काय? यांबरोबरच पाऊलातील दोन ठरावीक जागाही दाबून पाहायच्या. कोठेही दाबल्यावर दुखत नसेल आणि चार पावले टाकता येत असतील तर एक्स-रे नको. २००३ साली २७ अभ्यासांतील पंधरा हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला गेला, तेव्हा या नियमांनी अस्थिभंग निसटण्याचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी भरले. आणि एक्स-रे मात्र तीस ते चाळीस टक्क्यांनी वाचतात असे दिसले. बोटाने कोठे दाबायचे हे ठाऊक असेल, तर यंत्र बंद ठेवण्याचा निर्णयही शास्त्रीय असू शकतो.

मनगटाची गोष्ट याहून बोलकी आहे. अंगठा ताणून वर केला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा पडतो. जुन्या काळी तपकीर ओढणारे त्यात चिमूट ठेवीत, आणि इंग्रजी शरीरशास्त्रात त्या खळग्याला तपकिरीच्या डबीचेच नाव पडले आहे. हातावर पडलेल्या माणसाला तेथे दाबल्यावर दुखले, तर तळाशी असलेले नौकेच्या आकाराचे लहान हाड तडकले असण्याचा संभव असतो. पहिल्या एक्स-रेमध्ये ही तड कित्येकदा दिसतच नाही. 'एक्स-रे स्वच्छ आहे, जा घरी' असे सांगितले गेले आणि ती तड न सांधता राहिली, तर पुढे मनगट कायमचे अधू होऊ शकते. म्हणून चांगले डॉक्टर अशा वेळी फिल्मपेक्षा आपल्या अंगठ्यावर अधिक विश्वास ठेवतात; हात बांधून ठेवतात आणि काही दिवसांनी पुन्हा चित्र काढतात, किंवा लगेच एमआरआय करून घेतात. येथे चित्राला शेवटी मान मिळतोच. पण ते काढायला लावणारा हातच असतो.

गुडघ्याच्या बाबतीत मात्र चित्राने बराच घोटाळा केला आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावच्या ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ रहिवाशांचे गुडघे एमआरआयने तपासले गेले. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. गुडघ्यातील अर्धचंद्राकार गादी फाटलेली असण्याचे प्रमाण पन्नाशीतल्या स्त्रियांत १९ टक्के आणि सत्तरीपुढच्या पुरुषांत ५६ टक्के निघाले. ज्यांची गादी फाटलेली होती त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता. फाटलेली गादी दुर्बिणीतून कातरून टाकण्याची शस्त्रक्रिया तर जगभर लक्षावधींवर होत आलेली आहे. २०१३ साली फिनलंडमधील डॉक्टरांनी वयोमानाने गादी फाटलेल्या १४६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची खरी शस्त्रक्रिया केली; दुसऱ्या गटाला भूल देऊन, दुर्बीण आत घालून, सारे नाटक हुबेहूब वठवले, परंतु कातरले काहीच नाही. वर्षअखेर दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. अर्थात खेळताना एकाएकी गुडघा पिळवटून सांधा अडकलेल्या तरुणाला हा निष्कर्ष लागू नाही.

नकोशा चित्रांचे परिणाम

पैसे गेले, पण निदान शंका तर फिटली, असे यावर म्हटले जाते. शंका फिटते हेच तपासून पाहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निदान सहा आठवडे कंबर दुखणाऱ्या ४२१ रुग्णांपैकी निम्म्यांचे एक्स-रे काढले, निम्म्यांचे काढले नाहीत. तीन महिन्यांनी एक्स-रे काढलेल्या गटातच दुखण्याची तक्रार अधिक होती. मात्र पुढे उपचाराबद्दल अधिक समाधानही त्याच गटाने व्यक्त केले. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे निदानकेंद्रांच्या भरभराटीचे रहस्य उलगडते. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये अशा सहा चाचण्यांचा, अठराशेहून अधिक रुग्णांचा, एकत्रित आढावा आला. गंभीर रोगाची लक्षणे नसताना लगेच चित्र काढल्याने रुग्णाचा काहीही फायदा होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी सरसकट चित्रे काढू नयेत अशी मार्गदर्शिका दिली ती याच पुराव्यावर.

फायदा होत नाही एवढ्यावरच हे थांबत नाही. कोइमतूर येथील गंगा हॉस्पिटलमधील डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या देशातला आहे, म्हणून अधिक विचारार्ह. ज्यांच्या चित्रांत काही गंभीर नव्हते अशा कंबरदुखीच्या रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला अहवालातील सारे दोष जसेच्या तसे समजावून सांगितले; दुसऱ्याला, वयोमानाप्रमाणे होतात तेवढेच बदल आहेत, असे सांगून धीर दिला. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचे दुखणे, हालचाल आणि मनःस्थिती ही तिन्ही दुसऱ्यापेक्षा वाईट होती. तीच चित्रे सौम्य शब्दांत नोंदवली, तेव्हा तज्ज्ञांनाही तो आजार कमी गंभीर वाटू लागला! 'झीज', 'दाब', 'फाटणे' हे शब्द रुग्णाच्या मनात शिरले की तो पाण्याची बादली उचलेनासा होतो, वाकेनासा होतो, पट्टा बांधून निजून राहतो. आणि न वापरलेली कंबर खरोखरच दुबळी होते. नुसते अहवालाचे शब्द बदलून सगळे सुधारेल असेही नाही. अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांच्या अहवालांना 'हे दोष निरोगी माणसांतही इतक्या टक्क्यांत आढळतात' अशी पुस्ती जोडून पाहिली. २०२० साली कळलेल्या निष्कर्षानुसार नंतरच्या उपचारांचा एकूण पसारा त्यामुळे घटला नाही. अफूजन्य वेदनाशामके लिहून देण्याचे प्रमाण तेवढे किंचित उतरले.

या साऱ्यावरून एमआरआय म्हणजे एक थोतांड आहे, असा अर्थ कोणी काढील तर तो जिवावर बेतेल. भारतात तर अधिकच. कारण येथे क्षयरोग आहे. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली वर्णन केलेला मणक्यांचा आजार, जो क्षयजन्य असल्याचे पुढे कळले, तो आपल्याकडे आजही मुबलक आढळतो. सुरुवातीला तोही 'साधी कंबरदुखी' म्हणूनच येतो. संध्याकाळी बारीक ताप, उतरत जाणारे वजन, निजल्यावरही न थांबणारी वेदना, मणक्यावर ठोकल्यावर एका ठिकाणी चमकून दुखणे, यांपैकी काही असेल तर सहा आठवडे वाट पाहत बसणे हा गुन्हा ठरेल. तेथे एमआरआय लवकर झाला तर माणूस पांगळा होण्यापासून वाचतो. पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असणे, पडल्यानंतर वृद्ध माणसाची पाठ दुखू लागणे, पायातील ताकद दिवसेंदिवस कमी होणे, यांचेही तसेच. आणि लघवी अडकली, किंवा खुर्चीला टेकणारा भाग बधिर झाला, तर प्रश्न आठवड्यांचा नसून तासांचा असतो. मणक्यांच्या नळीतील नसांचा झुपका दबला असण्याची ती खूण असते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, यांतील एकही बाब यंत्र शोधून काढत नाही. ती विचारावी लागते आणि पाहावी लागते. ज्या डॉक्टरने रुग्णाला सदरा काढायला लावला नाही, तो चारशे अनावश्यक चित्रे काढवील आणि चारशे एकावे, जे आजच निघायला हवे होते, ते पुढच्या आठवड्यावर टाकील.

हे सारे डॉक्टरांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. ठाऊक असूनही घडत नाही, याची कारणे पुस्तकांबाहेर आहेत. चुकलेल्या निदानाबद्दल ग्राहक न्यायालयात खेचले जाण्याची भीती आहे. तेथे 'मी हाताने पाहिले होते' याला पुरावा नसतो, फिल्मला असतो. महागडे यंत्र घेतले की त्याचे हप्ते भरावे लागतात. रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या वाट्याची कुजबुज तर जुनीच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा 'कट' बंद करण्यासाठी कायद्याचा मसुदा तयार करविला, यावरून ती निव्वळ कुजबुज नसावी. परंतु सर्वांत मोठे कारण वेळ हे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षेत विद्यार्थ्याला आजही एक रुग्ण नेमून दिला जातो. त्याची हकीकत ऐकायला, त्याला चालवून, झोपवून, ठोकून पाहायला पुरेसा अवधी दिला जातो आणि मग परीक्षक प्रश्न विचारतात. तोच विद्यार्थी डॉक्टर होऊन बाह्यरुग्ण विभागात बसतो तेव्हा दाराबाहेर रांग लागलेली असते. निरनिराळ्या देशांतील प्राथमिक उपचारांच्या भेटींचा जो आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात स्वीडनमधील भेट साडेबावीस मिनिटांची निघाली, तर भारतातील दोन मिनिटांच्या आसपास. सरळ पाय उचलून पाहायला अर्धे मिनिट पुरते. पण गुडघ्याला धरून टेबलावर चढायला, उताणे व्हायला आणि कळ कोठून कोठे जाते हे आपल्या शब्दांत सांगायला रुग्णाला जो वेळ लागतो, तो त्या दोन मिनिटांत मावत नाही. चिठ्ठीवर 'एमआरआय, कंबर' एवढे लिहायला मात्र भरपूर उरतो.